पंखानौकेचा जमाखर्च

शिडाच्या तारवाला वाऱ्याची वाट पाहावी लागते आणि वल्हवाच्या होडीला माणसाच्या दंडातील बळाची. वाफेचे आणि पुढे तेलाचे एंजिन आल्यावर या दोन्ही पराधीनता सुटल्या, पण त्यांच्या जागी एक तिसरी जडली. एंजिनाचा पंखा पाण्यात बुडलेला असावा लागतो. तो बुडेल इतके पाणी खाली नसेल, किंवा पाण्यात गवत, वेली आणि चिखल यांची दाटी असेल, तर पन्नास अश्वशक्तीचे एंजिनही होडीला वीतभर पुढे नेऊ शकत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जी नौका निघाली ती मोठी विचित्र आहे. शिडाच्या तारवाप्रमाणे ती वाऱ्यावरच चालते, मात्र तो वारा ती स्वतः उत्पन्न करते. तळ सपाट, पाण्याखाली काहीही नाही, आणि मागच्या बाजूस लोखंडी पिंजऱ्यात बसवलेला विमानाचा पंखा, अशी तिची रचना असते. इंग्रजीत तिला एअरबोट म्हणतात. मराठीत पंखानौका म्हणावयास हरकत नसावी.

टेलिफोनचा जनक म्हणून सर्वांस ठाऊक असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १९०५ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात अशी एक नौका विमानाचे पंखे पारखून पाहण्यासाठी तयार केली आणि तिला ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ असे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मेसोपोटेमियाच्या मोहिमेत हवेच्या पंख्याने चालणाऱ्या नौका वापरल्या. ज्या मोहिमेत मराठा पलटणींनी कूटचा वेढा सोसला तीच ही मोहीम. १९२० च्या सुमारास ग्लेन कर्टिस या विमानविद्येतील अग्रणीने फ्लोरिडात आपली नमुनेदार पंखानौका बांधली. १९४३ साली यूटा राज्यातील बेअर रिव्हर पक्षी-अभयारण्याच्या कर्मचाऱ्यांनी दलदलीतील आजारी पक्ष्यांपर्यंत पोचण्यासाठी जुन्या विमानाच्या एंजिनावर एक नौका उभी केली. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात बेडूक पकडून शहरात विकणाऱ्या मंडळींनीही तिचा पाठपुरावा केला. विमानाच्या शोधाशी इतके निकटचे नाते असलेले हे वाहन अखेर बेडूकवाल्यांनी लोकप्रिय करावे, हा शास्त्राच्या इतिहासातील एक गमतीचा योग म्हटला पाहिजे.

अलीकडच्या काही दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या नौकेला एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. ते म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणारे हौशी शिकारी. लुइझियाना, टेक्सस, फ्लोरिडा, मिसिसिपी नदीचे खोरे या भागांत हा खेळ विशेष चालतो. माशावर बाण सोडणे ही कला मुळीच नवी नाही. अंदमानातील जारवा लोक उथळ समुद्रात आजही याच रीतीने मासे मारतात, आणि अर्जुनाच्या मत्स्यवेधाची कथा तर घरोघर माहीत आहे. नव्या शिकाऱ्याचे साहित्य मात्र निराळे आहे. त्याच्या धनुष्यावर दोरीची फिरकी बसवलेली असते. बाण भरीव काचतंतूचा, पिसे नसलेला आणि टोकाला उलट्या आकड्या असलेला असतो. बाण माशात रुतला की दोरी ओढून मासा नावेत घ्यावयाचा.

शिकार बहुधा रात्री होते. नावेच्या पुढच्या भागावर उंच मचाण असते, त्याच्या कडेला प्रखर दिव्यांची रांग, आणि मचाणावर तीन-चार तिरंदाज उभे. रात्री मासे काठाच्या उथळ पाण्यात येतात, वारा पडलेला असतो, आणि दिव्यांच्या उजेडात तळाचा वाळूकण दिसतो. तरीही नेम चुकतो, कारण पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो. नेमके वरून पाहिले तरी मासा खऱ्या खोलीच्या सुमारे तीन-चतुर्थांश खोलीवरच दिसतो, आणि तिरप्या नजरेला तर तो आणखी वर उचलल्यासारखा भासतो. म्हणून दिसणाऱ्या माशाच्या खाली नेम धरावयाचा, हा या विद्येतील पहिला धडा. मचाण उंच करण्याचे कारणही हेच. नजर जितकी सरळ खाली जाईल तितकी ही फसवणूक कमी.

या शिकारीला नाव कशी हवी? ती सावकाश चालली पाहिजे, गुडघाभर पाण्यातही तरली पाहिजे, आणि मासे बुजणार नाहीत इतपत शांत असली पाहिजे. या तीन अपेक्षांपैकी दुसरी पंखानौका जितकी उत्तम पुरवते तितकी दुसरी कोणतीही नौका पुरवीत नाही. वीतभर पाण्यावरून, ओल्या गवतावरून, प्रसंगी चिखलाच्या पट्ट्यावरूनही ती घसरत जाते. पहिली आणि तिसरी अपेक्षा मात्र तिच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि तिच्या इंधनाचा सारा हिशेब याच विरोधातून निघतो.

नौका पुढे जाते ती काहीतरी मागे ढकलून. पाण्यातला पंखा पाणी मागे लोटतो, पंखानौका हवा मागे लोटते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. तेव्हा तेवढाच रेटा मिळवण्यासाठी हवेच्या पंख्याला फार मोठ्या प्रमाणावर हवा, आणि तीही फार वेगाने, मागे फेकावी लागते. येथे निसर्गाचा एक महागडा नियम आड येतो. फेकलेल्या द्रव्याचा वेग दुप्पट केला तर रेटा दुप्पट मिळतो, परंतु त्यात खर्च झालेली शक्ती चौपट असते. म्हणून थोडे द्रव्य वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ द्रव्य सावकाश ढकलणे केव्हाही स्वस्त. हवेचा पंखा दोन मीटर व्यासाचा आणि पाण्यातला तीस सेंटिमीटरचा धरला, तर मोठ्या आकारामुळे हवेच्या पंख्याची उणीव बरीच भरून निघते. तरीदेखील स्थिर नावेवर तेवढाच रेटा देण्यास त्याला पाण्यातील पंख्याच्या सुमारे चौपट शक्ती लागते, असे गणित करून दाखवता येते. नाव वेगात आली की हे अंतर कमी होते. पण धनुर्धाऱ्याला वेग नकोच असतो. तो रात्रीचा बहुतेक वेळ अशा मंद गतीत घालवतो की जेथे ही नौका आपल्या सर्वांत मोठ्या तोट्यात चालते.

दुसरी अडचण सुकाणूची. पंखानौकेचे सुकाणू पाण्यात नसते. ते पंख्याच्या मागे उभ्या असलेल्या दोन-तीन पडद्यांचे असते, आणि त्यांवर वारा आदळला तरच ते काम करते. पंखा थांबला की दिशा देणारे काहीही उरत नाही. तिला ब्रेक नाही, आणि सर्वसाधारणपणे मागे येण्याची सोयही नाही. पाण्यातील यंत्राचा नावाडी जेथे एंजिन बंद करून नाव वाहू देईल, तेथे पंखानौकेच्या नावाड्याला नुसते वळण घेण्यासाठीही पेट्रोल जाळावे लागते. जोराचा वारा बाजूने येऊ लागला तर खर्च आणखी वाढतो, कारण उंच पिंजरा आणि मचाण ही अनायासे शिडेच होत.

तरी एक गोष्ट नौकेच्या बाजूने आहे. पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या निम्म्या केल्या तर शक्ती एक-अष्टमांशावर येते. पूर्ण भरात ४०० अश्वशक्ती देणारे मोटारगाडीचे आठ सिलिंडरांचे एंजिन घेतले आणि पंख्याच्या फेऱ्या दोन-पंचमांशावर आणल्या, तर पंख्यासाठी पंचवीस-सव्वीस अश्वशक्तीच खर्ची पडते. चारशेचा आकडा ऐकून छाती दडपते, परंतु प्रत्यक्षात रात्रभर चालणारा आकडा हा असतो. अर्थात् मोठे एंजिन मंद चालवणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. अशा स्थितीत ते प्रत्येक अश्वशक्तीमागे अधिक तेल पिते, आणि स्वतःचेच चक्र फिरते ठेवण्यात बरेच वाया घालवते.

आता एका रात्रीचा हिशेब मांडून पाहता येईल. चांगल्या भारावर चालणारे पेट्रोलचे एंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे पाव किलो, म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा, इंधन घेते. समजा, शिकारीच्या जागी जाण्यायेण्यात एक तास गेला आणि शिकार पाच तास चालली. जाण्यायेण्याच्या तासात दीडशे अश्वशक्ती लागली तर पन्नास लिटर. पुढचे पाच तास मंद गतीचे. एंजिनाची अकार्यक्षमता धरून तासाला अकरा लिटर, एकूण पंचावन्न. बेरीज १०५ लिटर, म्हणजे अमेरिकी मापाने जवळजवळ अठ्ठावीस गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर भाव धरला तर सत्त्याण्णव डॉलर. विमानाचे एंजिन बसवलेले असेल आणि त्याला विमानाचेच पेट्रोल घातले, तर रक्कम आणखी वाढेल.

तीच रात्र सपाट तळाच्या साध्या होडीतून काढली, आणि तिला मागे टांगलेले चाळीस अश्वशक्तीचे यंत्र असले, तर जाण्यायेण्याच्या तासाला बारा लिटर पुरतात. पुढचे पाच तास बॅटरीवरील लहान विजेच्या मोटरने काढावयाचे आणि दिव्यांसाठी एक छोटा जनित्र ठेवावयाचा, तर त्याला तासाला लिटरभर, म्हणजे पाच लिटर. एकूण सतरा लिटर आणि सोळा डॉलर. ज्वलंत तारेच्या दिव्यांची जागा नव्या एलईडी दिव्यांनी घेतल्यापासून तर पुष्कळांनी जनित्रही घरी ठेवला आहे. बॅटरी पुरते, आणि त्याची घरघर नसल्यामुळे पाण्यातील हालचाल ऐकूही येते.

या दोहोंच्या मधला एक मार्ग शिकाऱ्यांनीच शोधून काढला आहे. साध्या होडीच्या मागे वीस ते पस्तीस अश्वशक्तीचे, हिरवळ कापण्याच्या मोठ्या यंत्रावर असते तसे दोन सिलिंडरांचे एंजिन आणि मध्यम आकाराचा हवेचा पंखा बसवावयाचा. लांबच्या प्रवासाला पाण्यातील यंत्र, शिकारीला हा छोटा पंखा. तो तासाला सहा लिटर घेईल असे धरले तर पाच तासांचे तीस, आणि प्रवासाचे बारा, असे बेचाळीस लिटर व एकोणचाळीस डॉलर होतात. दिव्यांची सोय तोच करतो. कोरड्या चिखलावरून ही होडी जाणार नाही, पण गवताळ उथळ पाण्यातून जाईल. हिशेबी माणसाला हा तोडगा पटण्यासारखा आहे, आणि तो मोठ्या कारखान्यांच्या आराखड्यातून न निघता वापरणाऱ्यांच्या अंगणात निघाला ही त्याची आणखी एक शिफारस.

सत्त्याण्णव आणि सोळा या दोन आकड्यांकडे पाहून निकाल देण्याची घाई मात्र करू नये. कोकणातला नाखवा डिझेलचा खर्च नुसता लिटरांत मोजत नाही, जाळ्यात काय आले त्याच्याशी ताडून पाहतो. पंखानौकेच्या मचाणावर चार जण उभे असले तर दरमाणशी खर्च चोवीस-पंचवीस डॉलर पडतो. पैसे घेऊन पाहुण्यांना शिकारीस नेणारे धंदेवाईक वाटाडे याच हिशेबावर चालतात. त्यांच्या दृष्टीने इंधन ही दिवसाच्या आकारणीतील एक बाब, आणि तीही सर्वांत मोठी नव्हे. बड्या मोटारगाडीच्या मोलाची नौका, तिचा विमा, पंख्याची पाती, कान सांभाळण्याची साधने हे सर्व त्याच वहीत येते. शिवाय ज्या जागी दुसरी नौका पोचतच नाही तेथे तुलनाच संपते. लुइझियानाच्या किनाऱ्यावरील दलदलीत ओहोटीनंतर वीतभर पाणी आणि त्याखाली कमरेएवढा गाळ असतो. तेथे अडकलेल्या होडीतून उतरून ढकलणेही शक्य नसते. थायलंडच्या लांब दांड्याच्या यंत्रावरून घेतलेली चिखलातील यंत्रे पुष्कळ ठिकाणी निभावतात, परंतु त्यांनाही काही पाणी हवेच. २००५ साली कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले तेव्हा तारांच्या, मोटारींच्या आणि पडझडीच्या वरून जाण्यासाठी याच नौका धावल्या. त्या वेळी लिटरांचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि ते योग्यच झाले.

आवाजाचा विचार इंधनापासून वेगळा काढता येत नाही. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,७०० फेऱ्या घेऊ लागला की त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने जाते, आणि ध्वनीचा स्वतःचा वेग ३४० मीटरच्या आसपास आहे. कानठळ्या बसवणारा आवाज एंजिनापेक्षाही या टोकांचाच अधिक असतो. म्हणून अलीकडे एंजिन आणि पंखा यांच्यामध्ये दंतचक्रे घालून पंखा मोठा आणि संथ ठेवतात. संथ मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो, म्हणजेच इंधन वाचवतो. आवाज आणि तेल या दोन्ही उधळपट्ट्यांवर उपाय एकच निघाला. नावेच्या तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकचे आच्छादन लावण्यानेही गवतावरचे घर्षण कमी होऊन बचत होते. फ्लोरिडात या नौकांना सायलेन्सर आणि उंच काठीवर निशाण लावणे कायद्याने आवश्यक आहे. निशाण एवढ्यासाठी की पाणकणसात बुडालेल्या दोन नौकांना एकमेकी दिसत नाहीत, आणि आपल्याच आवाजामुळे एकमेकींना ऐकूही येत नाहीत.

एवढा सर्व खर्च करून पदरात काय पडते, हा प्रश्न उरतोच. पदरात मासा पडतो. पण कोणता मासा, यावर नफा की तोटा हे ठरते, आणि पेट्रोलचा हिशेब करणारे नेमके येथे थांबतात.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत धनुष्याने मारावयास मोकळीक आहे ती गळाच्या खेळात मान नसलेल्या माशांची. त्यांना तिकडे ‘रफ फिश’, म्हणजे जाडेभरडे मासे, असे एका शब्दात गुंडाळतात. या गाठोड्यात दोन अगदी भिन्न कुळी बांधलेल्या आहेत. पहिली परक्या कार्प माशांची. सामान्य कार्प, ज्याला भारतातील मत्स्यशेतकरी सायप्रिनस म्हणून ओळखतात, तो अमेरिकेत सरकारनेच आणला. १८७७ साली तेथील मत्स्य आयोगाने तो जर्मनीहून आणवून तळ्यांत वाढवला आणि राज्याराज्यांत वाटला. लोकांनी तो अर्ज करून नेला. पुढे त्याने तळ उकरून पाणी गढूळ केले, बदकांच्या खाण्याच्या वनस्पती उपटल्या, आणि सरकारी देणगीची पीडा झाली. शासनाच्या दफ्तरात अशा देणग्या इतरत्रही सापडतील. चांदेरी अथवा सिल्व्हर कार्प १९७० च्या दशकाच्या आरंभी आर्कान्सास राज्यात शेवाळ खाण्यासाठी आणला गेला, तो निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. त्याला शिकागोजवळच्या कालव्यातून महासरोवरांत शिरू न देण्यासाठी तेथे २००२ पासून पाण्यात विजेचा अडसर उभारलेला आहे.

हाच चांदेरी कार्प भारतात १९५९ साली जपानहून आला. १९७१ च्या सुमारास तो सतलजवरील भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात शिरला, आणि काही वर्षांतच तेथील पकडीत त्याचाच वाटा मोठा झाला. देशी माशांना त्याची झळ पोचली हे खरे, परंतु भारतात हा मासा बाजारात विकला जातो, घरोघर शिजतो. त्याला मारण्यासाठी खेळ काढावा लागत नाही. अमेरिकेत काटेरी मासा खाण्याची सवय नाही. तिकडे तो खतात किंवा सापळ्याच्या आमिषात जातो, आणि तेही न जमले तर तिरंदाजासमोर मेलेल्या माशांच्या राशीची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

कार्प मारण्यात पर्यावरणाचे नुकसान नाही, झाला तर थोडा लाभच आहे. पण येथे एक गमतीची गोष्ट दिसते. इलिनॉय नदीत चांदेरी कार्पचे थवे यंत्राच्या आवाजाने पाण्याबाहेर उसळतात, आणि काही शिकारी त्यांच्यावर हवेतच बाण सोडतात. हा आवाज पाण्याखालून गेलेला असावा लागतो. पाण्यात बुडालेल्या साध्या यंत्राचा आवाज या कामी पुरेसा होतो. नदी खोल आहे, पात्र रुंद आहे. जेथे मासा मारणे सर्वांत अधिक समर्थनीय तेथे पंखानौकेची गरज सर्वांत कमी. सामान्य कार्पची गोष्ट थोडी निराळी आहे. वसंतात तो गवताळ उथळ पाण्यात अंडी घालावयास येतो, आणि तेथे पंखा उपयोगी पडतो. तथापि बाणांनी कार्पचा बीमोड होईल अशी आशा कोणी धरू नये. इलिनॉयमध्ये तो भार सरकारी कंत्राटावर जाळी टाकणाऱ्या कोळ्यांनी उचलला आहे.

दुसरी कुळी देशी माशांची. तिच्यात गार आहे, बोफिन आहे, बफेलो आहे. गार हा लांब चोचीचा आणि चिलखतासारख्या खवल्यांचा प्राचीन मासा. मराठी माणसाला ओळखीच्या मरळीप्रमाणे तो वर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून उन्हाळ्यातल्या कोंदट पाण्यातही जगतो. त्याची सर्वांत मोठी जात, मगरतोंड्या गार, २०११ साली मिसिसिपी राज्यात एका कोळ्याच्या जाळ्यात ३२७ पौंडांची सापडली. ही जात अनेक दशके जगते, मादी उशिरा वयात येते, आणि वसंतातील पूर काठावरच्या गवतात पसरून काही काळ टिकला तरच तिची अंडी फळतात. असा पूर दरसाल येत नाही. बफेलो दिसायला करड्या कार्पसारखा, पण त्याला कार्पसारख्या मिशा नसतात. २०१९ साली नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील (नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटी) संशोधकांनी त्याच्या कानातील खडीवरची वर्तुळे मोजून आणि किरणोत्सर्गी कार्बनाची साक्ष घेऊन प्रसिद्ध केले की हा मासा ११२ वर्षे जगल्याचे आढळते. काही तळ्यांत तर बहुतेक मासे ऐंशी वर्षांपलीकडचे निघाले. याचा सरळ अर्थ असा की त्या तळ्यांत कित्येक दशके नवी पिढी जवळजवळ उभीच राहिलेली नाही. दिव्याच्या झोतात, क्षणार्धात, तिरंदाजाला मिशा दिसतात असे नाही. आणि बाणाचा खेळ गळाच्या खेळासारखा नव्हे. गळाला लागलेला मासा सोडून देता येतो. बाण लागलेला मासा सोडला तरी सहसा जगत नाही.

या माशांचे आजवर रक्षण कशाने केले? कायद्याने नव्हे, कारण ‘जाडेभरडे’ या शिक्क्यामुळे बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर संख्येची मर्यादाच नव्हती. त्यांचे रक्षण केले ते दलदलीने, वीतभर पाण्याने, लव्हाळ्याच्या दाटीने. प्रवीण शिकाऱ्यालाही पुराच्या गवतात पोचता येत नसे, आणि मादी नेमकी तेथेच अंडी घालीत असे. पंखानौकेने हा कोट फोडला. म्हणून जमेच्या बाजूस ‘दुर्गम जागी पोच’ म्हणून जी रक्कम मांडली जाते, ती देशी माशाच्या बाबतीत खर्चाच्या बाजूस न्यावी लागते. ही वहीतली दुरुस्ती केल्यावर सत्त्याण्णव डॉलरचे पेट्रोल हा त्या रात्रीचा सर्वांत किरकोळ खर्च ठरतो.

राज्यांचे कायदे या हिशेबाकडे आता हळूहळू वळत आहेत. टेक्ससने २००९ पासून मगरतोंड्या गारसाठी दिवसाला एकच मासा अशी मर्यादा घातली. मिनेसोटाने २०२४ साली देशी जाडेभरडे मासे कार्पसारख्या परक्या माशांपासून कायद्यात वेगळे काढले. वाटाड्यांपैकी काहींनी आपण होऊन पाहुण्यांना आधीच अट घालण्याची पद्धत ठेवली आहे: मिशा दिसल्या तरच बाण सोडावयाचा. अशा नावेवर विजेची मोटर असली तर फायदा असा की ती जागच्या जागी थांबू शकते, आणि नीट पाहण्यास आणखी दोन-तीन क्षण मिळतात. पंखानौकेला तेवढ्या वेळात मागे येता येत नाही, आणि तिचा नावाडी तोपर्यंत दहा हात पुढे गेलेला असतो.